गुडघ्यांखालचा पाट

मी एक पाट बोलतोय. बसायचा पाट नव्हे. तसं समजून पाहुण्यांनी माझ्यावर बसून पाहिलंय, आणि दांड्या बरगडीत टोचल्यावर ते उठलेत. मी गुडघ्यांखाली घ्यायचा पाट आहे. दोन फूट लांब, चार बोटं उंच, आणि दोन्ही टोकांना हातभर उंचीच्या उभ्या दांड्या. दांड्या मला जन्मापासून नव्हत्या. त्या का आल्या, तेही सांगेन.

जन्म म्हणाल तर माझे दोन झाले. आधी मी चर्चमधल्या एका बाकाची खालची फळी होतो. प्रार्थनेच्या वेळी लोक माझ्यावर गुडघे टेकत. तिथं माझी चाळीसेक वर्षं गेली. लग्न ठरलेले गुडघे आले, परीक्षेला बसलेले आले, घाईतले तर फार आले. घाईतला माणूस एकच गुडघा टेकतो, दुसरा उचलून तयार असतो. मला कुणाच्या तोंडावरचं दिसत नसे, पण वजन कळायचं.

मग चर्चला नवी बाकं करायचं ठरलं आणि काम मिस्त्रींकडे आलं. मिस्त्री म्हणजे गल्लीच्या टोकाला राहणारे सुतार. त्यांचं खरं नाव गल्लीत कुणाला आठवत नव्हतं आणि बायको 'अहो' म्हणायची, त्यामुळे ते नाव पडूनच राहिलं होतं. त्यांनी जुनी बाकं मोडली, वाळवी लागलेलं लाकूड बाजूला काढलं आणि मला उलटसुलट करून पाहिलं. जुना सागवान. तेवढं बघून त्यांनी मला बगलेत मारलं आणि घरी आणलं.

घरामागे त्यांची कामाची शेड होती आणि घरापुढे बाईंची बाग. बाई म्हणजे मिस्त्रींच्या पत्नी. त्या वाफ्यात थेट मातीवर गुडघे टेकून काम करायच्या. त्याच आठवड्यात काचेचा तुकडा गुडघ्यात शिरून तीन टाके पडले होते. मिस्त्रींनी मला कापलं, रंधा मारला, खाली दोन ठोकळे बसवले आणि कडा पॉलिशपेपरनं गोल केल्या. मग मला वाफ्याच्या कडेला नेऊन ठेवलं.

बाई मला बघून दचकल्याच. "अहो, ही तर चर्चमधली फळी! हिला मातीत घालू?"

"फादरांना विचारलंय."

"मग, काय म्हणाले?"

"म्हणाले, गुडघे तेच, तर फळी बदलायचं कारण नाही."

बाई हसल्या आणि माझ्यावर टेकल्या. डावा गुडघा आधी, मग उजवा. पुढची वीस-एक वर्षं त्यात बदल झाला नाही.

त्यांची बाग काही मोठी नव्हती. अस्टर, डेलिया, लिली, शेवंती, आणि कुंपणाच्या भिंतीला लागून बावीस गुलाब. पण मातीचा एक तुकडा रिकामा दिसेल तर शपथ. सकाळी भांडी आवरून त्या बाहेर यायच्या आणि तण काढता काढता पुटपुटायच्या. 'नमो मारिया, कृपापूर्णे...' दहा वेळा म्हणून होईतो एक ओळ साफ झालेली असायची. जपमाळ खिशात असे, पण मातीच्या हातांनी त्या ती काढत नसत. तण मोजूनच जप व्हायचा. शनिवारी बादलीभर फुलं चर्चमध्ये जायची. पाय मुरगळला होता त्या शनिवारीही गेली, तेव्हा बादली मिस्त्रींनी नेली आणि दारातूनच आत सरकवून परत फिरले.

कारण मिस्त्रींचं देवाशी जेमतेम बोलणं होतं. रविवारी चर्चमध्ये मिस्सेला, म्हणजे उपासनेला, जायचे ते शेवटच्या बाकावर, आणि शेवटची प्रार्थना संपायच्या आत बाहेर. बाई म्हणाल्या तर म्हणायचे, "तू करतेस ना? माझ्या वाटचीही तूच करून टाक." बाई करायच्या. संध्याकाळी मला ओल्या फडक्यानं पुसून आत न्यायच्या, पलंगापाशी ठेवायच्या आणि टेकायच्या. सगळ्यांची नावं घेऊन झाली की शेवटी त्यांचं नाव यायचं. अहो नव्हे, खरं नाव. ते मी तिथंच ऐकलं.

त्यांना एकच लेक. ती शिकली, दुसऱ्या गावात शिक्षिका झाली, लग्न करून तिकडेच राहिली. घरात दोघंच उरली. त्यांचं बोलणं तरी काय? "चहा ठेवलाय." "आलो." "पाऊस येईलसं वाटतं." "येऊ दे." पण शेडमधली करवत अर्धा तास थांबली की बाई मान वर करून तिकडे बघायच्या, आणि बागेतलं पुटपुटणं थांबलं की मिस्त्री दारात येऊन उभे राहायचे.

आजाराची सुरुवात कात्रीपासून झाली. बाईंच्या हातून छाटणीची कात्री पडायला लागली. आधी त्या कात्रीला बोलल्या, मग थंडीला, मग वयाला. उजव्या हाताचा अंगठा आपोआप हलायचा, जणू कुणी न दिसणारे पैसे मोजतंय. डॉक्टरांनी चालायला लावलं, लिहायला लावलं आणि सांगितलं, कंपवात आहे. गोळ्यांनी आटोक्यात राहील, बरा होणार नाही.

बाईंनी विचारलं, "मातीत हात घातले तर चालेल?"

डॉक्टर म्हणाले, "चालेल."

"मग ठीक आहे," म्हणून त्या घरी आल्या आणि लिलीचे कांदे लावायला घेतले. हे सगळं मला मागाहून कळलं. त्या माझ्यावर टेकूनच शेजारणीला सांगत होत्या. शेजारीण म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या बाई. कुंपणावरून दोघींच्या गप्पा चालत. सगळी गल्ली त्यांना पोस्टातल्या बाई म्हणे.

आजार नऊ वर्षं चालला. नऊ वर्षांचं सगळं सांगत नाही. दुखणं रोजचं झालं की त्यात सांगण्यासारखं थोडं असतं. पण एक सकाळ सांगायलाच हवी.

त्या सकाळी बाई टेकल्या आणि उठता येईना. पाय मुळी ऐकेनातच. शेडमध्ये मिस्त्रींचं रंधा मारायचं यंत्र सुरू होतं, हाका तिथं पोचेनात. दोन-तीनदा हाक मारून त्यांनी नाद सोडला. मग हाताला येईल तेवढं तण काढलं. तेवढं झाल्यावर माझ्यासकट फूटभर पुढे सरकल्या आणि पुढचं काढलं. दीड तासानं यंत्र थांबलं. पुटपुटणं ऐकू येत नाही म्हणून मिस्त्री दारात आले आणि बघतात तो काय, बाई वाफ्याच्या पार दुसऱ्या टोकाला, घामानं थबथबलेल्या.

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. धावत येऊन त्यांनी बाईंना काखेत धरून उठवलं.

"हाक नाही मारायची?"

"मारली की. तुमचं ते यंत्र माझ्यापेक्षा मोठ्यांदा बोलतं." मग वाफ्याकडे बघून म्हणाल्या, "बरं झालं. एवढा तरी पुरा झाला."

मिस्त्री त्या दिवशी जेवले नाहीत. शेडमध्ये जाऊन त्यांनी मला उलटं केलं, दोन्ही टोकांना भोकं पाडली आणि दांड्या बसवल्या. त्या धरून जोर लावला की उठता यावं म्हणून. चार-चारदा स्वतः टेकून, उठून बघितलं. त्यांचे गुडघे माझ्यावर पहिल्यांदा पडले ते तेव्हा. हाडकुळे आणि बिचकणारे.

दांड्यांवर बाईंनी दोन वर्षं काढली. मग त्याही पुरेनात. मिस्त्रींनी दारात आरामखुर्ची मांडली, बाईंना तिच्यात बसवलं आणि मला घेऊन स्वतः वाफ्यात उतरले. लाकूड न बघता नुसत्या वासानं ओळखणारा माणूस, पण रोपातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं.

"अहो, ते गवत नव्हे! अस्टर आहे ते!"

"गवतासारखंच दिसतंय."

"लहान आहे अजून. तुमची लेकसुद्धा जन्मली तेव्हा कुठं शिक्षिकेसारखी दिसत होती?"

मिस्त्रींनी उपटलेलं रोप परत खोचलं. ते जगलं नाही. त्या वर्षी अस्टर अर्धेच आले. पुढच्या वर्षी जरा बरे आले.

बाई मात्र खुर्चीतून फुलंच बघत होत्या असं नाही, मिस्त्रींकडेही त्यांचं लक्ष होतं. मिस्त्री सकाळी त्यांना आंघोळ घालायचे, गोळ्या वेळच्या वेळी द्यायचे, भात मऊ करून भरवायचे, मग बाग, मग जमलं तर शेड. कामं परत जाऊ लागली. एके दुपारी गुलाबाला खत घालता घालता ते माझ्या दांडीवर डोकं टेकून झोपले. हातातलं खुरपं तसंच. बाईंनी उठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "थंडी पडली की गुलाब काढायचे."

"काढायचे म्हणजे?"

"मुळासकट. लोकांना देऊन टाकायचे. त्या जागी हिरवळ लावा, कडेनं चिवट झुडपं लावा. नळी सोडली की झालं."

"मी कधी तक्रार केली?"

"नाही केलीत, म्हणूनच."

"बावीस झाडं आहेत. तुझ्या हातची."

"तेच तर. मी गेल्यावर त्यातलं एक जरी वाळलं तरी तुम्ही स्वतःला खात बसाल. बेचाळीस वर्षं ओळखते मी तुम्हाला. आत्ता काढली तर काय तो दोष माझा."

मिस्त्रींनी खुरपं जमिनीत रोवलं आणि शेडमध्ये निघून गेले. दोन दिवस हूं की चूं नाही. गोळ्या देत होते, भरवत होते, पण तोंड बंद. गुलाब काढायचे म्हणजे बाई जाणार हे कबूल करायचं. तेवढं मलाही कळत होतं आणि मी तर लाकूड आहे.

तिसऱ्या दिवशी त्यांनी फावडं घेतलं.

कुठलं झाड कुणाला, ते बाईंनी कागदावर लिहून ठेवलं होतं. आजारानं त्यांचं अक्षर बारीक होत गेलं होतं. पहिली ओळ वाचता यायची, शेवटच्या ओळीत मुंग्या चालल्यासारख्या दिसायच्या. मिस्त्री भिंग लावून वाचत. चर्चच्या आवाराला नऊ. पोस्टातल्या बाईंना तीन. बेकरीवाल्याला दोन, डॉक्टरांना दोन, शाळेला चार, आणि लेकीला कुंडीतून नेण्याजोगी दोन. माणसं झाडं न्यायला आली की बाई एकेकाला खुर्चीजवळ बोलवायच्या आणि बराच वेळ काहीतरी सांगायच्या. आवाज इतका खाली गेला होता की ऐकणाऱ्याला तोंडापाशी कान न्यावा लागे. मी वाफ्यात असायचो, मला काही ऐकू आलं नाही. मिस्त्रींनाही नाही.

भिंत उघडी पडली. मिस्त्री तिकडे बघायचं टाळायचे.

मग खुर्चीही सुटली आणि बाई पलंगाला लागल्या. मलाही आत आणलं गेलं. पलंग बुटका होता, म्हणून मिस्त्री माझ्यावरच बसायचे, दांड्यांच्या मध्ये अवघडून.

जपमाळेचे मणी बाईंच्या बोटांतून निसटायला लागले, तेव्हा मिस्त्रींनी लेथवर शिसवीचे दहा मोठे मणी कातले, लिंबाएवढे, आणि दोरीत ओवून दिले. लेक भेटायला आली होती. ती म्हणाली, "बाबा, एवढे मोठे? फादर हसतील."

"हसू दे. तिच्या हातात राहतात ना?"

ते मणीही पुढे मिस्त्रींनाच सरकवावे लागले, आणि बाईंचा आवाज गेल्यावर शब्दही त्यांनाच म्हणावे लागले. ज्या माणसानं सगळा जन्म प्रार्थना दुसऱ्याच्या हवाली करून टाकली होती, तो ती आता रोज सकाळी मोठ्यांदा म्हणायला लागला. सामानाची यादी वाचावी तशा सुरात. चुकायचे. चुकलं की बाई पलंगाच्या कडेवर बोटानं टिचकी मारायच्या. एक टिचकी म्हणजे परत म्हणा. बाकी सगळं शरीर थांबलं होतं, पण ते बोट भलतं तल्लख होतं. एकदा मिस्त्री वैतागून म्हणाले, "अगं, देवाला कळलं असेल की मला काय म्हणायचंय ते!" टिचकी. त्यांनी परत म्हटलं.

एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास जपाची चौथी दहाई, म्हणजे दहा मण्यांची चौथी फेरी, चालू होती. मिस्त्रींनी मधलं अर्धं वाक्य गाळलं. टिचकी आली नाही. त्यांना स्वतःलाच चूक कळली, म्हणून त्यांनी ते वाक्य पहिल्यापासून नीट म्हटलं. मग आणखी एकदा म्हटलं. मग वर पाहिलं.

थोड्या वेळानं त्यांनी उरलेले मणी पुरे केले आणि कुंपणापाशी जाऊन पोस्टातल्या बाईंना हाक मारली.

अंत्यविधीला चर्च भरलं होतं म्हणतात. मिस्त्री सवयीनं शेवटच्या बाकावर जाऊन बसले, तेव्हा लेकीनं येऊन त्यांना हाताला धरून पुढे नेलं. फादर फुलांबद्दल बोलले. सगळे चांगलंच बोलले.

नंतरचे महिने मी शेडमध्ये खिळ्याला टांगलेला होतो. तिथून बाग दिसायची. बाईंनी म्हटल्याप्रमाणेच सगळं झालं होतं. हिरवळ धरली होती, झुडपं आपली आपण वाढत होती. सकाळी दहा मिनिटं नळी सोडली की संपलं. मग मिस्त्री शेडमध्ये येऊन बसायचे. हातात रंधा, पुढ्यात लाकूड, आणि दोन्ही जागच्या जागी. अधूनमधून मान वर करून बागेकडे कान लावायचे. कुंपणावरून एकदा ते म्हणाले, "तुमच्या मैत्रिणीनं माझ्यासाठी बाग ठेवली नाही. सतरंजी अंथरून गेलीय." पोस्टातल्या बाईंनी आपल्या गुलाबांना पाणी घातलं.

थंडी पडली. एका सकाळी त्याच बाई फाटक उघडून थेट शेडमध्ये आल्या.

"मिस्त्री, छाटणी कधी करताय?"

"कसली छाटणी?"

"माझ्या गुलाबांची. तिनं झाडं देतानाच मला बजावलं होतं. स्वतः कात्री लावायची नाही, थंडी पडली की ह्यांना बोलवायचं."

मिस्त्री बघतच राहिले. "मला तर काही बोलली नाही."

"बोलली असती तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"फक्त तुम्हालाच सांगितलं होतं?"

"सगळ्यांना. बेकरीवाला कालच विचारत होता, मिस्त्री येणार ना नक्की? त्याची झाडं ही एवढी माजलीत."

मिस्त्रींचे कान लाल झाले. "नऊ वर्षं तिचं सगळं केलं मी," ते म्हणाले, "आणि ही बाई जाताना मला गल्लीभर कामाला लावून गेली! विचारायचं तरी!" रंधा आपटून ते घरात गेले. पोस्टातल्या बाई निघून गेल्या.

दुपारी मिस्त्री परत आले. डोळे सुजलेले होते. त्यांनी कात्रीला धार लावली, तेल घातलं, मग मला खिळ्यावरून काढलं आणि बाहीनं धूळ पुसली.

बावीसातली पंधरा झाडं जगली होती. चर्चमधली तीन गेली, शाळेतली चारही मुलांच्या चेंडूंनी खाल्ली. मिस्त्रींनी हे सगळं बघितलं, चर्चमधल्या तिघांची जागा बोटानं उकरून मूळ तपासलं, आणि म्हणाले, "पाणी साचलं." स्वतःला दोष दिला नाही. मी लक्ष ठेवून होतो.

चर्चच्या आवारात ते माझ्यावर टेकून एका झाडाची खालची फांदी निरखत होते, मान खाली, हात जुळवल्यासारखे. नवे फादर मागून आले आणि अदबीनं थांबले. बराच वेळ थांबले. मिस्त्रींना चाहूल लागली.

"फादर, उगाच थांबू नका. तेवढी सुतळी द्या इकडे."

फादरांनी सुतळी दिली. पण जाता जाता विचारलं, "मग प्रार्थना करत नव्हता?"

मिस्त्री गाठ मारत म्हणाले, "तण काढताना करतो. तिची पद्धत आहे ती. अजून चुकतो."

याला आता तीन थंड्या झाल्या. माझं म्हणाल तर माझा एक ठोकळा ढिला झालाय, कडेला ओल शिरलीय. सुताराच्या हाताखाली असून माझी ही गत, कारण दुरुस्तीला टाकलं तर चार दिवस काम अडेल. तो दिवस ते पुढं ढकलत असतात.

काल लेक आलीय. आज सकाळी तिनं मला हातात घेतलं, दांड्यांवरून हात फिरवला. आईचे हात लागून लागून त्या गुळगुळीत झाल्यात. ती म्हणाली, "बाबा, हा पाट मला द्या ना. पॉलिश करून दिवाणखान्यात लावते. आईची आठवण."

मी ऐकत होतो. पॉलिश, भिंत, वर्षातून एकदा फडकं. चांगल्या मनानंच म्हणत होती बिचारी. तरी तुम्हाला सांगून ठेवतो, तुमच्या घरात अशी एखादी वस्तू असेल तर तिला भिंतीवर चढवण्याआधी जरा इकडे तिकडे बघा. कुणाला तरी ती अजून लागत असते.

मिस्त्री चहा पीत होते. म्हणाले, "नेशील. पण आत्ता नको. माझी छाटणी व्हायचीय." मग कप खाली ठेवून म्हणाले, "चल तू पण. तुझ्या घरची दोन झाडं तू कशी छाटतेस ते मी फोटोत बघितलंय. झाडू केलायस त्यांचा."

"आईनं मला सांगितलं होतं, बाबांना बोलव म्हणून," लेक म्हणाली. "मीच बोलावलं नाही. एवढ्या लांब कुठं दगदग, म्हटलं."

"दगदग," मिस्त्री म्हणाले आणि उठले. "बस कितीची आहे तुझी, परवा? मीही येतो."

आता त्यांनी मला बगलेत मारलंय. लेकीच्या हातात कात्री आणि सुतळी आहे. पोस्टातल्या बाई फाटकाशी उभ्या आहेत, तीन झाडं वाट बघतायत. चला, येतो मी.